पाचूच्या सावलीतला हिरवा गार्नेट

राहूची पीडा टळावी म्हणून मधल्या बोटात गोमेदाची अंगठी घालणारी माणसं महाराष्ट्रात गावोगावी भेटतात. मधाळ, कधी विटकरीकडे झुकणाऱ्या रंगाचा हा खडा खनिजशास्त्राच्या हिशेबाने ग्रॉस्युलर जातीचा गार्नेट असतो. कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकेट मिळून त्याचा स्फटिक बनतो. शुद्ध ग्रॉस्युलरला स्वतःचा रंगच नसतो. त्यात लोह आणि मँगनीज यांचा अंश मिसळला की गोमेद होतो. त्यांच्या जागी व्हॅनेडियम किंवा क्रोमियम शिरलं, की तोच स्फटिक असा हिरवागार होतो की पाचूची पारख असलेला माणूसही एकदा थबकून पाहतो. या हिरव्या ग्रॉस्युलरचं नाव त्साव्होराइट. गोमेद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं, आणि त्यात नवल काही नाही. नवरत्नांची यादी ठरली तेव्हा हा खडा कुणाच्या पाहण्यातच नव्हता. जगाच्या रत्नबाजारात त्याला येऊन जेमतेम अर्धं शतक झालं आहे.

गार्नेट हे तसं दुर्मीळ खनिज नव्हे. लालसर, जांभळट गार्नेट राजस्थानात शतकानुशतकं निघतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत तर त्याचे कण इतके मिसळलेले असतात, की ती वाळू घासकामाला आणि पाण्याच्या झोताने पोलाद कापणाऱ्या यंत्रांना वापरली जाते. ज्या खनिजाने लाकूड घासतात त्याला सराफकट्ट्यावर फार मान कोण देणार? म्हणून गार्नेट म्हटलं की स्वस्तातला लाल खडा, अशीच समजूत रूढ झाली. हिरवा गार्नेट या समजुतीला सरळ छेद देतो. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. उव्हारोव्हाइट हा त्यातला सगळ्यात गर्द. १८३२ मध्ये रशियाच्या उरल पर्वतात तो ओळखला गेला आणि काउंट सर्गेई उव्हारोव्ह या रशियन मुत्सद्द्याचं नाव त्याला मिळालं. पण त्याचे स्फटिक इतके बारीक असतात की त्यांना पैलू पाडणं जवळपास अशक्य. खडकावरचा हिरवा चमचमता थरच तसाच कापून लॉकेटात बसवतात. दुसरा डिमँटॉइड, त्याच्याकडे पुढे येऊच. आणि तिसरा त्साव्होराइट, ज्याच्या शोधाची हकिकत एखाद्या साहसकथेत शोभावी अशी आहे.

१९६१ साली कॅम्पबेल ब्रिजेस नावाचा तरुण स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञ आजच्या झिंबाब्वेत खनिजं शोधत हिंडत होता. एक रानरेडा त्याच्या मागे लागला. जीव वाचवायला त्याने एका घळीत उडी टाकली आणि तिथे दगडात त्याला हिरवे चमकणारे स्फटिक दिसले. रेड्याची गोष्ट ब्रिजेस स्वतः सांगत असे, तेव्हा तीत थोडं मीठमसाला असेलही. पण तो हिरवा दगड त्याच्या डोक्यातून गेला नाही, हे नक्की. १९६७ मध्ये टांझानियाच्या ईशान्य भागात, ग्राफाइट मिसळलेल्या खडकांच्या टेकड्यांत त्याला तसाच खडा पुन्हा मिळाला, आणि या वेळी दागिन्यात बसवण्याजोग्या प्रतीचा. योगायोग असा की निळ्या टांझानाइटचा शोधही त्याच वर्षीचा आणि त्याच परिसरातला. त्या निळ्या रत्नाची ओळख अमेरिकेतल्या तज्ज्ञांना करून देण्यातही ब्रिजेसचा वाटा होता.

टांझानियात मात्र त्याचं बस्तान बसलं नाही. सरकारने खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं आणि त्याच्या हातून ती जागा गेली. दुसरा कुणी मायदेशी परतला असता. ब्रिजेसने नकाशा पसरला. ज्या खडकांत हिरवा गार्नेट सापडला होता, तो पट्टा सीमेपाशी थांबत नव्हता, उत्तरेला केनियात शिरत होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केनियाच्या ताइता-ताव्हेता भागात, त्साव्हो राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, त्याचा अंदाज खरा ठरला. आसपास सिंह, बिबटे आणि हत्ती होते. म्हणून हा गृहस्थ झाडावर घर बांधून राहिला, आणि काढलेल्या खड्यांवर पहारा द्यायला त्याने अजगर ठेवला होता, असं सांगतात.

त्साव्हो हे नाव हिंदुस्थानच्या इतिहासाला अगदीच परकं नाही. १८९८ मध्ये इंग्रज सरकार मोंबासापासून आत लोहमार्ग टाकत होतं तेव्हा याच त्साव्हो नदीवरच्या पुलाच्या कामावर हिंदुस्थानातून नेलेले मजूर होते, आणि दोन नरभक्षक सिंहांनी महिनोन्महिने त्यांच्या छावणीवर झडप घालून अनेकांचा बळी घेतला. त्या सिंहांना मारणाऱ्या कर्नल पॅटरसनचं नाव झालं. सिंहांची कातडी पुढे शिकागोच्या फील्ड म्युझियमने विकत घेतली आणि पेंढा भरून ते सिंह तिथे उभे केले. मेलेल्या मजुरांपैकी बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत.

ब्रिजेसने आपला खडा न्यूयॉर्कच्या टिफनी या प्रख्यात पेढीकडे नेला. तिथल्या हेन्री प्लॅट यांनी टांझानाइट बाजारात आणून नुकतंच यश मिळवलं होतं. दोघांनी मिळून नव्या रत्नाला त्साव्होचं नाव दिलं आणि १९७४ मध्ये टिफनीने त्याची मोठी जाहिरात केली. गार्नेट नावाला चिकटलेला स्वस्तपणा टाळून आफ्रिकेच्या जंगलाचं नाव पुढे करणं, ही व्यापारी हुशारी होती आणि ती चालली.

आता प्रश्न असा की हा खडा तिथेच का? पूर्व आफ्रिकेत उत्तर-दक्षिण पसरलेला मोझांबिक पट्टा म्हणून ओळखला जाणारा प्राचीन खडकांचा प्रदेश आहे. सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वी खंडांचे तुकडे एकमेकांवर आदळून गोंडवन हा महाखंड घडला. दक्षिण भारत, श्रीलंका, मादागास्कर आणि पूर्व आफ्रिका तेव्हा एकमेकांना लागून होते. त्या रेट्यात जुन्या समुद्रतळाचा गाळ खोल दाबला गेला, तापला आणि त्याचे नवे खडक झाले. तो गाळ साधा नव्हता. प्राणवायू नसलेल्या पाण्यात साठलेला, सेंद्रिय द्रव्याने काळा झालेला चिखल होता तो, आणि अशा चिखलात व्हॅनेडियम साचतं. चिखलातल्या कार्बनचं ग्राफाइट झालं, चिकणमातीतून ॲल्युमिनियम आणि सिलिका मिळालं, चुन्याच्या आणि क्षारांच्या थरांतून कॅल्शियम मिळालं, आणि व्हॅनेडियमने रंग भरला. इतकी सामग्री एका जागी आणि योग्य तापमानात जमून येणं हाच मुळी दुर्मीळ प्रकार. केनिया, टांझानिया आणि मादागास्कर वगळता व्यापाराला पुरेल इतका त्साव्होराइट कुठेच निघत नाही.

त्यातही खाणवाल्यांचा जीव मेटाकुटीला येतो. कोळशाच्या खाणीसारखी ही सलग शीर नसते. खडकात मधूनच बटाट्याएवढी गोळी सापडते आणि खाणीवरचे लोक तिला बटाटाच म्हणतात. गोळी फोडली की आत हिरवा स्फटिक निघतो, पण तोही बहुधा तडे गेलेला आणि तुकड्यांत विखुरलेला. पुढची गोळी दहा हातांवर असेल की शंभर, काही सांगता येत नाही. अशा भरवशावर यंत्रसामग्री आणि भांडवल ओतायला मोठी कंपनी तयार होत नाही, म्हणून बहुतेक काम छोटे खाणमालक आणि हातावर पोट असणारे खोदकरी करतात.

या अनिश्चिततेला माणसांच्या भांडणाची जोड आहे. ११ ऑगस्ट २००९ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, ब्रिजेस आपल्या मुलासह आणि कामगारांसह खाणीकडे जात असताना भाले, कोयते आणि दांडकी घेतलेल्या जमावाने त्यांना अडवून हल्ला केला. त्यात ब्रिजेस मारला गेला. खाणीच्या हक्कावरून काही वर्षं धुमसत असलेला वाद त्यामागे होता. २०१४ मध्ये केनियाच्या न्यायालयाने चौघांना दोषी ठरवून ४० वर्षांची शिक्षा सुनावली. ज्या माणसाने हे रत्न जगापुढे आणलं, तोच त्याच्यापायी गेला. सीमेपलीकडे टांझानियाने वेगळा मार्ग धरला. मेरेलानीच्या टेकड्यांतून टांझानाइटबरोबर हिरवे गार्नेटही निघतात. चोरटी निर्यात थांबवण्यासाठी त्या खाणक्षेत्राभोवती सरकारने लष्कराकरवी सुमारे २४ किलोमीटरची भिंत घातली, जिचं उद्घाटन २०१८ मध्ये झालं.

एवढ्या खटाटोपाचं फळ काय? इथे पाचूशी तुलना अटळ आहे, आणि ती त्साव्होराइटच्या पथ्यावर पडते. एखाद्या पदार्थात प्रकाश किती वाकतो याचं माप म्हणजे अपवर्तनांक. पाचूचा तो १.५८ च्या आसपास, त्साव्होराइटचा १.७४. प्रकाशाचे सात रंग वेगळे करण्याची ताकदही त्यात पाचूच्या दुप्पट आहे. म्हणजे दोघांना सारखेच पैलू पाडले तर त्साव्होराइट अधिक झळकतो. पाचूचं सौंदर्य त्याच्या मखमली, खोल हिरवेपणात आहे, हे मान्यच. पण रंगाबरोबर लखलख हवी असेल तर पाचू तिथे कमी पडतो.

दुसरी गोष्ट आतल्या स्वच्छतेची. पाचूच्या पोटात बारीक भेगा आणि इतर खनिजांचे कण इतके सर्रास असतात की फ्रेंच जवाहिऱ्यांनी त्याला बागेची उपमा देऊन तो दोष गोड करून घेतला. या भेगा दिसू नयेत म्हणून जगातल्या बहुतेक पाचूंना सीडरचं तेल किंवा राळेसारखी द्रव्यं पाजली जातात. ही फसवणूक नव्हे, सांगून केली तर रूढ पद्धत आहे. पण वर्षानुवर्षं गरम पाण्याने, साबणाने किंवा सफाईच्या यंत्राने ते तेल उतरत जातं आणि आजीच्या अंगठीतला पाचू नातीच्या हातात पांढुरका दिसू लागतो. त्साव्होराइटवर असे संस्कार करण्याचा प्रघात नाही. त्याला ना तापवतात, ना तेल पाजतात. जमिनीतून निघाला, कापला, घासला, विकला. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या माणकांच्या, नीलमण्यांच्या आणि पाचूंच्या बाजारात कशावर काय प्रक्रिया झाली आहे याच्या चिठ्ठ्या वाचून थकलेल्या गिऱ्हाइकाला याचं अप्रूप वाटतं. त्साव्होराइटची ओढ वाढण्यामागचं सर्वांत भक्कम कारण हेच असावं.

काठिण्यात मात्र पाचू थोडा वरचढ आहे. मोह्सच्या प्रमाणावर पाचू ७.५ ते ८ आणि त्साव्होराइट ७ ते ७.५. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचं काठिण्य ७. म्हणजे रोज हातात घालायच्या अंगठीत त्साव्होराइटच्या कडा काही वर्षांनी बोथटू शकतात. कानातल्यांत, लॉकेटात किंवा ब्रोचमध्ये ही चिंता नाही.

आकाराचा पेच वेगळाच. बाजारातले बहुतेक त्साव्होराइट एका कॅरेटच्या आत असतात. दोन कॅरेटवरचा स्वच्छ खडा दुर्मीळ, पाच कॅरेटवरचा तर संग्राहकांच्या यादीतला. पण नेमका हा तोटा दागिने घडवणाऱ्यांनी फायद्यात बदलला. पुष्कळ रत्नं बारीक कापली की फिकी पडतात. त्साव्होराइट दोन मिलिमीटरच्या खड्यातही आपला हिरवा टिकवून धरतो, आणि हिऱ्यांच्या रांगेत तो ठळक उठतो. फुलांची पानं, मोराचा पिसारा, प्राण्यांचे डोळे अशा ठिकाणी कारागीर त्याला पसंती देतात. फ्रान्सच्या कार्तिए या पेढीच्या प्रसिद्ध बिबट्याच्या अंगठ्यांत काळ्या ऑनिक्सच्या नाकावरचे हिरवे डोळे अनेकदा पाचूचे नसून त्साव्होराइटचे असतात.

मोठ्या खड्यांचे अपवादही आहेत. टांझानियाच्या मेरेलानी भागात २०१७ मध्ये २८३ कॅरेटहून अधिक वजनाचा कच्चा खडा मिळाला. व्हिक्टर तुझलुकोव्ह या कारागिराने त्यातून ११६.७६ कॅरेटचं, १७७ पैलूंचं रत्न काढलं. आपल्या जुन्या मापाने जवळजवळ दोन तोळे. ‘लायन ऑफ मेरेलानी’ नावाने ते २०२३ मध्ये कॅम्पबेल ब्रिजेसच्या स्मरणार्थ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं गेलं.

डिमँटॉइडला वगळून ही गोष्ट पुरी होत नाही, कारण हिरव्या गार्नेटची पहिली हौस त्यानेच लावली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उरल पर्वतात सोनं धुणाऱ्यांना हे हिरवे खडे मिळाले. फिनलंडच्या निल्स नॉर्डेनशॉल्ड यांनी तो गार्नेट असल्याचं ओळखलं. हा अँड्राडाइट जातीचा, म्हणजे ॲल्युमिनियमऐवजी लोह असलेला. त्याचं अपस्करण, म्हणजे प्रकाशाचे रंग फाकवण्याची ताकद, ०.०५७ आहे. हिऱ्याचं ०.०४४. हिऱ्यालाही मागे टाकणारी रंगांची ठिणगी हिरव्या पोटातून उडते, आणि उजेडात खडा हलवला की ती लपत नाही. रशियाच्या झारशाहीतल्या फाबर्जेसारख्या कारागिरांनी आणि व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधल्या सोनारांनी तो सरड्या-पालींच्या ब्रोचवर भरभरून वापरला. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियाचा पुरवठा आटला आणि डिमँटॉइड जुन्या दागिन्यांत तेवढा उरला. १९९० च्या दशकात नामिबियात आणि २००९ च्या सुमारास मादागास्करात नव्या खाणी मिळाल्यावर तो पुन्हा दिसू लागला. उरलच्या डिमँटॉइडमध्ये क्रायसोटाइल या खनिजाचे बारीक तंतू मध्यापासून फाकत जातात. त्याला घोड्याची शेपटी म्हणतात, आणि ती सुरेख असेल तर खड्याची किंमत वाढते. रत्नाच्या पोटातल्या डागाला जास्त पैसे मोजले जातात, असं उदाहरण विरळा. काठिण्य मात्र ६.५ ते ७ इतकंच, त्यामुळे अंगठीपेक्षा तो पेटीत सुरक्षित राहतो.

भारतात हिरव्या गार्नेटची उलाढाल मुख्यतः जयपूरला होते. पाचू कापण्याचं ते जुनं केंद्र, आणि आफ्रिकेतून आलेल्या कच्च्या त्साव्होराइटलाही तिथे पैलू पाडले जातात. मुंबईच्या झवेरी बाजारात तो मागितला तर मिळतो, पण काचेच्या कपाटात सहसा मांडलेला नसतो. त्याला ग्रहाचं पाठबळ नाही, हे एक कारण. बुधासाठी पाचू आणि राहूसाठी गोमेद सांगणारे ज्योतिषी बरेच आहेत. त्साव्होराइट कुणी सांगत नाही. निव्वळ देखणा म्हणून महागडा खडा घेणारं गिऱ्हाईक आपल्याकडे अजून बेतानेच आहे. एका अर्थी हे त्याच्या बाजूचंच म्हणायचं, कारण भीतीपोटी होणाऱ्या खरेदीने त्याचा भाव फुगलेला नाही. चांगला एक-दोन कॅरेटचा त्साव्होराइट त्याच प्रतीच्या, तेल न पाजलेल्या पाचूपेक्षा बराच स्वस्त पडतो. तरीही त्याला ‘गरिबाचा पाचू’ म्हणणं अन्यायाचं आहे. तो पाचूहून दुर्मीळ आहे. त्याच्याकडे फक्त क्लिओपात्रा, मुघल आणि निजाम नाहीत.

भावाच्या बाबतीत एक हिशेब गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. गार्नेट पाचूपेक्षा जड असतो. पाचूची घनता साधारण २.७, त्साव्होराइटची ३.६. म्हणजे डोळ्यांना एकसारखे दिसणारे दोन खडे काट्यावर ठेवले तर गार्नेट एक तृतीयांश अधिक भरतो. कॅरेटमागे दर विचारून तुलना केली की फसगत होते. खड्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावी आणि मग दोन्हींची एकूण किंमत ताडावी.

नकलीही आहेतच. हिरवी काच ही सगळ्यात जुनी. दुसरी अधिक चतुर, यॅग नावाचा कृत्रिम स्फटिक. त्याची रचना गार्नेटचीच, पण त्यात सिलिका नसते आणि मुळात तो लेझरसारख्या उपकरणांसाठी घडवलेला. तो त्साव्होराइटहून चतुर्थांशाने जड भरतो आणि साध्या अपवर्तनमापकाच्या मोजपट्टीबाहेर जातो. काचेचा अपवर्तनांक बहुधा त्साव्होराइटहून कमी निघतो. सराफाच्या भिंगाने हा फरक नेहमी कळतोच असं नाही, पण प्रयोगशाळेत काही मिनिटांचं काम आहे. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या संस्था खडा तपासून प्रमाणपत्र देतात. त्यावर ‘ग्रॉस्युलर’ हा शब्द आणि रंग नैसर्गिक असल्याचा उल्लेख पाहून मगच मोठी रक्कम मोजावी.

घरी आणल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्यात त्याचं भागतं. वाफेच्या यंत्रापासून तो दूर ठेवावा, कारण तापमानात एकदम झालेला बदल गार्नेटला मानवत नाही. अंगठी सैल-घट्ट करायला दिली तर सोनाराची ज्योत खड्याजवळ पोचण्याआधी तो कोंदणातून काढायला सांगावं. त्याची मजुरी वेगळी पडते.